भिंतीलगतच्या संक्षुब्ध प्रवाहातील वेगाचे चढउतार : पहिले मॉडेल कसे उभारावे

संक्षुब्ध, म्हणजे अनियमित भोवऱ्यांनी ढवळलेल्या, प्रवाहात एकाच ठिकाणी वेग मोजत राहिले, तर मोजमाप क्षणभरही स्थिर राहत नाही. दोन भिंतींच्या मधोमध हे चढउतार तिन्ही दिशांना बऱ्यापैकी सारखे असतात, पण भिंतीच्या जवळ जाऊ लागताच चित्र पालटते. प्रवाहाच्या दिशेचे चढउतार आधी वाढतात आणि मग अगदी भिंतीशी मावळतात, तर भिंतीला लंब असलेले चढउतार त्याच्या कितीतरी आधीपासून दबू लागतात. नवख्या अभ्यासकाच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या असमानतेकडे केलेल्या दुर्लक्षात असते. मॉडेल कोणते निवडले हा प्रश्न त्या मानाने दुय्यम ठरतो.

या लेखात आपण एक साधे मॉडेल पायरीपायरीने उभारणार आहोत. भिंतीपासूनचे अंतर दिले असता ते वेगाचे तिन्ही घटक काळानुसार निर्माण करील, आणि त्यांची सरासरी, पसारा, परस्परसंबंध व स्मृती (वेग किती काळ टिकून राहतो) या चारही गोष्टी खऱ्या प्रवाहाशी जुळतील, एवढीच आपली अपेक्षा आहे. प्रवाहात वाहत जाणाऱ्या सूक्ष्म कणांचा मागोवा घेण्यासाठी असे मॉडेल पुरेसे उपयोगी पडते. वाचकाला कलनशास्त्राची तोंडओळख आहे आणि कोणत्याही एका संगणकीय भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिता येतो, असे येथे गृहीत धरले आहे.

उदाहरण म्हणून दोन समांतर सपाट भिंतींमधून वाहणारे पाणी घेऊ. भिंतींमधले अंतर २ सेंटिमीटर, सरासरी वेग सेकंदाला १ मीटर आणि तापमान सुमारे २० अंश सेल्सिअस आहे. या तापमानाला पाण्याची गतिक श्यानता सेकंदाला एक चौरस मीटरचा दशलक्षावा भाग असते. पूर्ण अंतरावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले अंतर भागिले गतिक श्यानता) त्यामुळे २०,००० येतो आणि प्रवाह निःसंशय संक्षुब्ध ठरतो.

पहिली पायरी : घर्षण वेग काढणे

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ साली वेगाची सरासरी आणि चढउतार अशी फोड केली. आजही प्रत्येक मॉडेलची सुरुवात तिथूनच होते. परंतु चढउतार किती मोठे आहेत, हे कशाच्या तुलनेत सांगायचे? भिंतीजवळ त्यासाठी मधल्या प्रवाहाचा वेग उपयोगाचा नाही. तिथे हुकूम चालतो तो भिंतीवरील कर्तन प्रतिबलाचा, म्हणजे प्रवाह भिंतीला तिच्या पातळीत दर क्षेत्रफळामागे ज्या बलाने ओढतो त्याचा. या प्रतिबलाला द्रायूच्या (द्रव किंवा वायूच्या) घनतेने भागून वर्गमूळ काढले की जी राशी मिळते तिची एकके वेगाची असतात, आणि म्हणून तिला घर्षण वेग म्हणतात.

भिंतीवरील प्रतिबल मोजलेले नसेल, तर समांतर भिंतींसाठी डीन यांनी १९७८ साली दिलेले अनुभवजन्य सूत्र वापरावे. घर्षण गुणांक म्हणजे ०.०७३ भागिले रेनॉल्ड्स अंकाचे चौथे मूळ. आपल्या उदाहरणात २०,००० चे चौथे मूळ ११.८९ आहे, म्हणून गुणांक ०.००६१४ येतो. त्याच्या निम्म्याचे वर्गमूळ काढून सरासरी वेगाने गुणले की घर्षण वेग सेकंदाला ०.०५५४ मीटर, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर मिळतो. या सूत्रातला रेनॉल्ड्स अंक पूर्ण अंतरावर आधारलेला आहे आणि गुणांक सरासरी वेगावर. काही पुस्तके निम्मे अंतर आणि मध्यरेषेवरचा वेग वापरतात. ही सरमिसळ झाली की पुढचे सगळे आकडे चुकतात, पण प्रोग्रॅम कुठेही तक्रार करीत नाही आणि आलेखही देखणेच दिसतात.

दुसरी पायरी : सर्व मोजमापे भिंतीच्या एककांत आणणे

श्यानतेला घर्षण वेगाने भागले की लांबीचे एकक मिळते. आपल्याकडे ते १८ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी आहे. श्यानतेला घर्षण वेगाच्या वर्गाने भागले की काळाचे एकक मिळते, ते ०.३३ मिलिसेकंद येते. भिंतीपासूनचे अंतर या लांबीच्या पटीत मांडले की त्याला आपण य⁺ म्हणू. निम्मे अंतर, म्हणजे १ सेंटिमीटर, या मापात ५५४ भरते, आणि हाच घर्षण वेगावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक होय.

या एककांची गंमत अशी की पाणी असो वा हवा, नळ असो वा सपाट पृष्ठ, गुळगुळीत भिंतीजवळची रचना जवळपास सारखीच दिसते. य⁺ ५ पर्यंत श्यानतेचा अंमल असतो आणि सरासरी वेग अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतो. य⁺ ३० च्या पलीकडे वेग अंतराच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतो. १९३० साली थिओडोर फॉन कार्मान यांनी मांडलेल्या या नियमातला स्थिरांक सुमारे ०.४१ आहे. ५ ते ३० हा मधला पट्टा संक्रमणाचा असून चढउतारांची सर्वाधिक निर्मिती नेमकी तिथेच होते. आपल्या उदाहरणात हा अख्खा पट्टा भिंतीपासून ०.०९ ते ०.५४ मिलिमीटर या अंतरात मावतो. गणनेचे बिंदू अर्ध्या मिलिमीटरवर मांडणाऱ्याच्या जाळ्यातून तो सबंध निसटतो. म्हणून पहिला बिंदू य⁺ १ च्या आत ठेवावा, य⁺ ३० पर्यंत निदान १५ ते २० बिंदू द्यावेत आणि त्यापुढे त्यांच्यातले अंतर हळूहळू वाढवत न्यावे.

तिसरी पायरी : सरासरी वेग आणि कर्तन प्रतिबल

दोन भिंतींमधल्या स्थिरावलेल्या प्रवाहात एकूण कर्तन प्रतिबल भिंतीपाशी सर्वाधिक असते आणि मध्यापर्यंत सरळ रेषेत शून्यावर येते. घर्षण वेगाच्या वर्गाने भागल्यावर ते भिंतीपाशी १ होते. या एकूण प्रतिबलाचे दोन वाटेकरी आहेत : एक श्यानता आणि दुसरे चढउतारांमुळे होणारे संवेगाचे वहन. दुसऱ्या वाट्यासाठी लुडविग प्रांट्ल यांनी १९२५ साली मिश्रण लांबीची, म्हणजे द्रायूचा गोळा आपला वेग टिकवून जेवढा सरकतो त्या अंतराची, कल्पना मांडली, आणि ती लांबी भिंतीजवळ कशी दाबायची हे फॅन ड्रीस्ट यांनी १९५६ साली दाखवले. मिश्रण लांबी ‘म’ आणि एकूण प्रतिबल ‘ट’ धरले, तर भिंतीच्या एककांत सूत्रे अशी होतात. चढ म्हणजे येथे अंतरानुसार वेग वाढण्याचा दर.

म = ०.४१ य⁺ × (१ − दमनगुणक)
दमनगुणक = नैसर्गिक लॉगॅरिदमच्या आधारसंख्येचा (−य⁺ ÷ २६) वा घात
ट = १ − य⁺ ÷ ५५४
सरासरी वेगाचा चढ = २ट ÷ (१ + √(१ + ४म²ट))

शेवटचे सूत्र वर्गसमीकरण सोडवून मिळते. त्याचे पाठ्यपुस्तकी रूप लिहिले तर छेदात म² येतो, भिंतीपाशी तो शून्य होतो आणि संगणक अडतो. वर दिलेल्या रूपात ही अडचण उद्भवत नाही. चढाचे भिंतीपासून समाकलन केले की सरासरी वेग मिळतो, आणि ट मधून चढ वजा केला की चढउतारांचे कर्तन प्रतिबल मिळते. मिळालेला वेग य⁺ ५ च्या खाली जवळपास य⁺ इतकाच असावा आणि य⁺ १०० ला १६ च्या आसपास असावा. त्याची संपूर्ण उंचीवरची सरासरी घर्षण वेगाच्या सुमारे १८ पट, काही टक्क्यांच्या फरकाने, यायला हवी. कारण आपण सुरुवातच त्या गुणोत्तराने केली होती.

चढउतारांची निर्मिती नेमकी कुठे शिगेला पोहोचते, हेही येथेच कळते. ही निर्मिती म्हणजे कर्तन प्रतिबलाचा चढउतारांकडचा वाटा आणि सरासरी वेगाचा चढ यांचा गुणाकार. भिंतीजवळ या दोहोंची बेरीज जवळपास १ असते, आणि बेरीज ठरलेली असताना गुणाकार सर्वात मोठा होतो तो दोन्ही समान असताना. म्हणजे जिथे श्यानता आणि चढउतार प्रतिबलाची निम्मी-निम्मी वाटणी करतात, तिथे निर्मिती कमाल असते. आपल्या सूत्रांनी ही जागा य⁺ १० च्या किंचित पुढे येते, तर सखोल संगणकीय गणनांत ती १२ च्या आसपास सापडते. चार ओळींच्या मॉडेलकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल.

चौथी पायरी : तीन दिशांचे तीन पसारे

या पायरीवर रेंगाळणे भाग आहे. प्रवाहाच्या दिशेचा चढउतार ‘प’, भिंतीला लंब असलेला ‘ल’ आणि बाजूच्या दिशेचा ‘ब’ असे म्हणू. भिंतीला द्रायू चिकटून राहतो, म्हणून तिथे तिन्ही शून्य असतात. प आणि ब हे भिंतीपासून वर जाताना अंतराच्या पहिल्या घाताने वाढू शकतात, कारण त्यांना अडवणारे दुसरे काही नाही. ल ची गोष्ट मात्र वेगळी आहे. जेवढा द्रायू आत येतो तेवढाच बाहेर जातो, हे सांगणाऱ्या सातत्य समीकरणानुसार तिन्ही दिशांच्या वेगबदलांची बेरीज शून्य असावी लागते. भिंतीवर प आणि ब सर्वत्रच शून्य असल्यामुळे भिंतीच्या पातळीत त्यांचा बदलही शून्य असतो, आणि म्हणून ल चा भिंतीपासून वर जातानाचा बदलही तिथे शून्य असणे भाग पडते. परिणामी ल ची सुरुवात अंतराच्या वर्गाने होते आणि प व ल यांच्या गुणाकाराची घनाने. हे निष्कर्ष प्रयोगावर किंवा अनुभवजन्य स्थिरांकावर अवलंबून नाहीत. कोणतेही मॉडेल हाती आले की ते ही कसोटी पाळते का, एवढे आधी पाहावे. आपल्या तिसऱ्या पायरीतले फॅन ड्रीस्ट यांचे सूत्रही येथे थोडे घसरते, कारण त्यातून कर्तन प्रतिबल तिसऱ्याऐवजी चौथ्या घाताने वाढते. परंतु तिथे ते इतके क्षुल्लक असते की आपल्या कामापुरते चालून जाते.

भिंतीलगत प्रत्यक्षात काय घडत असते, याची कल्पना असलेली बरी. १९६७ साली क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात सोडलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या साहाय्याने दाखवले की भिंतीजवळ मंद आणि वेगवान द्रायूचे लांबट पट्टे शेजारी-शेजारी वाहत असतात आणि त्यांच्यातले सरासरी अंतर भिंतीच्या सुमारे १०० एककांइतके असते. आपल्या पाण्यात हे अंतर १.८ मिलिमीटर भरेल. मंद द्रायूचा पट्टा मधूनच भिंतीपासून उचलला जाऊन वर फेकला जातो, आणि त्याची जागा घेण्यासाठी वरचा वेगवान द्रायू खाली झेपावतो. प चा पसारा एवढा मोठा का असतो आणि प व ल यांची चिन्हे बहुधा परस्परविरुद्ध का असतात, याचे उत्तर या देवाणघेवाणीत आहे.

१९८७ साली किम, मॉइन आणि मोझर यांनी घर्षणाधारित रेनॉल्ड्स अंक १८० असलेल्या अशाच प्रवाहाची संपूर्ण गणना सुमारे ४० लाख बिंदूंवर, कोणतेही मॉडेल न वापरता, केली. तेव्हापासून भिंतीलगतचे पसारे तपासण्यासाठी विश्वासार्ह आकडे उपलब्ध आहेत. कणांच्या मागोव्यासाठी प्रचलित असलेली पुढील सूत्रे अशा आकड्यांच्या जवळ जातात आणि वर सांगितलेले पहिला घात, दुसरा घात हे बंधनही पाळतात. पसारा म्हणजे येथे प्रमाण विचलन, घर्षण वेगाच्या पटीत, आणि ^ या चिन्हाचा अर्थ घात.

प चा पसारा = ०.४० य⁺ ÷ (१ + ०.०२३९ (य⁺)^१.४९६)
ल चा पसारा = ०.०११६ (य⁺)² ÷ (१ + ०.२०३ य⁺ + ०.००१४० (य⁺)^२.४२१)
ब चा पसारा = ०.१९ य⁺ ÷ (१ + ०.०३६१ (य⁺)^१.३२२)

प्रोग्रॅम नीट लिहिला गेला आहे का, हे पाहण्यासाठी काही किमती देतो. कर्तन प्रतिबल तिसऱ्या पायरीतून घेतले आहे, पण प आणि ल यांची चिन्हे बहुधा परस्परविरुद्ध असल्याने येथे ते ऋण चिन्हाने लिहिले आहे. सहसंबंध म्हणजे त्याला प आणि ल यांच्या पसाऱ्यांच्या गुणाकाराने भागून आलेली संख्या.

य⁺ ५ : प १.५८, ल ०.१४, ब ०.७३, कर्तन −०.१०, सहसंबंध −०.४६
य⁺ १५ : प २.५३, ल ०.५२, ब १.२४, कर्तन −०.६७, सहसंबंध −०.५१
य⁺ ४० : प २.३०, ल ०.९४, ब १.३२, कर्तन −०.८६, सहसंबंध −०.४०
य⁺ १०० : प १.६४, ल ०.९८, ब १.१२, कर्तन −०.८०, सहसंबंध −०.५०

पसारे एका ठिकाणाहून आणि कर्तन प्रतिबल दुसऱ्या ठिकाणाहून घेतले की सहसंबंध कधीकधी −१ च्याही खाली जातो. असे झाल्यास पुढे जाऊ नये, कारण अशी यादृच्छिक राशी अस्तित्वातच असू शकत नाही. येथे तो सर्वत्र अर्ध्याच्या आसपास राहतो, आणि मोजमापांतही साधारण असेच दिसते.

आता प्रचलित चूक पाहू. प्रवाहगणनेच्या अनेक तयार प्रोग्रॅममध्ये चढउतारांची फक्त एकूण गतिज ऊर्जा उपलब्ध असते आणि ती तिन्ही दिशांना समान वाटून दिली जाते. य⁺ १५ वर वरील तीन आकड्यांवरून ही ऊर्जा ४.१ येते, समान वाटणी केल्यास प्रत्येक दिशेचा पसारा १.६५ होतो. ल चा खरा पसारा मात्र ०.५२ आहे. म्हणजे जो घटक कणाला भिंतीकडे नेतो, तोच तिपटीहून अधिक फुगवला जातो आणि भिंतीवर बसणाऱ्या सूक्ष्म कणांची संख्या अवास्तव वाढते. १९९१ साली पॉल डर्बिन यांनी ऊर्जेसोबत लंब दिशेच्या पसाऱ्यासाठी वेगळे समीकरण जोडले, त्यामागचे कारण हेच. ऊर्जेवर अवलंबून असलेले मॉडेल वापरणे भागच असेल, तर ल चा पसारा तरी वरच्या सूत्रातून घ्यावा.

या सूत्रांची मर्यादाही लक्षात असू द्यावी. य⁺ १०० च्या बरेच पुढे ती प ला प्रमाणाबाहेर दाबतात. शिवाय प चे शिखर रेनॉल्ड्स अंकाबरोबर संथपणे वाढत जाते, कारण अंक वाढला की दूरच्या मोठ्या भोवऱ्यांची छाया भिंतीपर्यंत पोहोचते. अॅलन टाउनसेंड यांनी मांडलेली भिंतीला जोडलेल्या भोवऱ्यांची कल्पना या परिणामाशीच निगडित आहे. घर्षणाधारित अंक हजारांच्या घरात असेल, तर ही सूत्रे जशीच्या तशी वापरू नयेत.

पाचवी पायरी : प आणि ल यांची सांगड

संगणकाकडून शून्य सरासरीच्या आणि एकक पसाऱ्याच्या दोन स्वतंत्र प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या वितरणाच्या) यादृच्छिक संख्या घ्या. पहिलीला ल च्या पसाऱ्याने गुणले की ल मिळतो. प साठी पहिली संख्या सहसंबंधाने गुणावी, दुसरी संख्या (१ − सहसंबंधाचा वर्ग) याच्या वर्गमुळाने गुणावी, आणि बेरजेला प च्या पसाऱ्याने गुणावे. य⁺ १५ वर हे गुणक −०.५१ आणि ०.८६ आहेत. ब साठी तिसरी स्वतंत्र संख्या पुरते, कारण आपल्या प्रवाहात बाजूची डावी-उजवी दिशा समान असल्याने ब चा इतर दोहोंशी सरासरी सहसंबंध नसतो.

प्रसामान्य वितरण ही येथे केलेली सोय आहे. वास्तवात य⁺ १२ च्या आसपासपेक्षा खाली भिंतीकडे झेपावणाऱ्या वेगवान द्रायूचा कर्तन प्रतिबलातला वाटा मोठा असतो, आणि वर गेल्यावर उचलल्या जाणाऱ्या मंद द्रायूचा. हा कल सममित वितरणात उतरत नाही. पहिल्या मॉडेलात तो सोडून द्यावा.

सहावी पायरी : स्मृती

प्रत्येक क्षणी नवी संख्या घेतली तर वेग विजेसारखा उड्या मारील. खऱ्या द्रायूकणाचा वेग काही काळ टिकतो, आणि हा स्मृतिकाळही भिंतीजवळ बदलतो. कॅलिओ आणि रीक्स यांनी १९८९ साली वापरलेले सूत्र सोपे आहे. य⁺ ५ पर्यंत तो भिंतीच्या १० कालएककांइतका धरायचा. ५ ते २०० या पट्ट्यात तो ७.१२२ + ०.५७३१ य⁺ − ०.००१२९ (य⁺)² असा घ्यायचा. य⁺ १५ ला तो १५.४ एकके, म्हणजे आपल्या पाण्यात ५ मिलिसेकंद येतो.

प्रत्येक घटक त्याच्या पसाऱ्याने भागून एकक पसाऱ्याचा करावा आणि पुढे न्यावा. कालपाऊल भागिले स्मृतिकाळ या गुणोत्तराइतका घातांकी ऱ्हास काढून त्याला ऱ्हासगुणक म्हणावे. नवे मूल्य म्हणजे जुने मूल्य गुणिले ऱ्हासगुणक, अधिक पाचव्या पायरीतली सांगड घातलेली (पण पसाऱ्याने न गुणलेली) यादृच्छिक संख्या गुणिले (१ − ऱ्हासगुणकाचा वर्ग) याचे वर्गमूळ. या मांडणीत पाऊल कितीही घेतले तरी पसारा बिघडत नाही, म्हणून साध्या पुढे-ढकल पद्धतीपेक्षा मी तीच सुचवीन. पाऊल मात्र सर्वात लहान स्मृतिकाळाच्या दहाव्या भागाहून मोठे नसावे, म्हणजे एक कालएकक, ०.३३ मिलिसेकंद.

येथे एक भेद पाळावा लागतो. हा स्मृतिकाळ द्रायूबरोबर वाहणाऱ्या निरीक्षकाचा आहे. एका जागी बसवलेल्या वेगमापकासमोरून पट्टे झरझर निघून जातात, त्याला दिसणारी स्मृती वेगळी असते आणि तिच्यासाठी हा आकडा वापरता येत नाही.

सातवी पायरी : ढळाची दुरुस्ती

ही पायरी वगळली तर कण विनाकारण भिंतीशी जमा होऊ लागतात, आणि नवख्या अभ्यासकाला तो भौतिक परिणाम वाटतो. कारण सरळ आहे. जिथे ल चा पसारा मोठा आहे तिथून कण वेगाने बाहेर पडतो. जिथे तो लहान आहे तिथे पोहोचल्यावर रेंगाळतो. मॉडेलला पसाऱ्याच्या उताराची जाणीव करून दिली नाही, तर समान पसरलेले कण समान राहत नाहीत. डेव्हिड थॉमसन यांनी १९८७ साली हीच अट नेमकी मांडली : आधीच पूर्ण मिसळलेले मिश्रण मॉडेलनेही मिसळलेलेच ठेवले पाहिजे.

दुरुस्ती एका पदाची आहे. एकक पसाऱ्याच्या ल मध्ये प्रत्येक पावलाला ‘ल च्या पसाऱ्याचा अंतरासापेक्ष उतार गुणिले पाऊल’ एवढी भर घालावी. प साठी तेच पद कर्तन प्रतिबल भागिले प चा पसारा या राशीच्या उताराने बनते. कर्तन प्रतिबलाचे ऋण चिन्ह मात्र विसरू नये. भर किरकोळ वाटली तरी ती तशी नाही. य⁺ ५ ते १५ या पट्ट्यात ल चा पसारा ०.१४ वरून ०.५२ वर जातो, म्हणजे उतार ०.०३८ आहे, य⁺ १० चा स्मृतिकाळ १२.७ असल्याने एकूण ढळ जवळपास अर्ध्या प्रमाण विचलनाइतका होतो. कण भिंतीच्या पलीकडे गेलाच, तर त्याला आरशातल्या प्रतिमेप्रमाणे आत आणावे आणि ल चे चिन्ह उलटवावे.

हे सारे द्रायूबरोबर तंतोतंत वाहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांसाठी आहे. जड कणाला स्वतःचे जडत्व असते. त्याच्यासाठी वरचा वेग हा भोवतालच्या द्रायूचा समजून कणाच्या ओढीचे समीकरण वेगळे सोडवावे लागते.

आठवी पायरी : पडताळा

आधी मिश्रणाची कसोटी घ्यावी. दोन्ही टोकांना परावर्तक सीमा असलेल्या, य⁺ ० ते १०० या पट्ट्यात दहा हजार कण समान पसरवून मॉडेल काही हजार कालएकके चालवावे आणि प्रत्येक थरातली संख्या मोजावी. ती समान राहिली तरच पुढे जावे. एकदा मुद्दाम ढळाचे पद काढूनही हाच प्रयोग करून पाहावा, म्हणजे चुकीचा आलेख कसा दिसतो ते डोळ्यांत बसते.

त्यानंतर प्रत्येक उंचीवरचे पसारे व सहसंबंध मोजून चौथ्या पायरीतल्या आकड्यांशी ताडावेत. हा ताळा घेताना नमुना किती मोठा हवा, याचा हिशोब आधीच करावा. स्मृती असलेल्या मालिकेत स्वतंत्र नमुन्यांची संख्या म्हणजे एकूण काळ भागिले स्मृतिकाळाची दुप्पट, आणि पसाऱ्याच्या वर्गातली सापेक्ष चूक म्हणजे २ भागिले ही संख्या याचे वर्गमूळ. २ टक्के चूक चालणार असेल तर ५,००० स्वतंत्र नमुने लागतात. ५ मिलिसेकंदांच्या स्मृतिकाळाला त्यासाठी ५० सेकंदांची मालिका, म्हणजे सुमारे दीड लाख पावले पुरतात. संगणकाला हे काम क्षणभराचे आहे. तरीही शंभर-दोनशे नमुन्यांवरून मॉडेल चुकले असा निष्कर्ष काढून स्थिरांक ओढाताण करून बसवण्याचा मोह अनेकांना होतो.

हे मॉडेल मोठ्या भोवऱ्यांच्या संगणकीय गणनेत (जिथे फक्त मोठे भोवरे थेट सोडवले जातात) प्रवेशद्वारावरचा वेग म्हणून वापरण्याचा विचार असेल, तर थांबावे. येथे प्रत्येक कण आपापल्या यादृच्छिक संख्यांवर चालतो, म्हणून शेजारच्या दोन बिंदूंच्या वेगांत नाते नसते आणि सातत्य समीकरणही क्षणोक्षणी पाळले जात नाही. असे निराधार चढउतार आत शिरताच थोड्या अंतरात विरून जातात. त्या कामासाठी पसारे आणि सहसंबंध याच लेखातले घ्यावेत, पण यादृच्छिक संख्यांना अवकाशात गाळणी लावून, किंवा ठरावीक आकाराचे कृत्रिम भोवरे प्रवेशपटलावर सोडून, शेजारसंबंध निर्माण करावा. भिंतीजवळ त्या भोवऱ्यांची बाजूची रुंदी किती ठेवायची, हे चौथ्या पायरीतल्या पट्ट्यांवरून ठरवता येते : पट्ट्यांमधले अंतर १०० एकके असेल, तर एका पट्ट्याची रुंदी सुमारे ५० एकके, म्हणजे आपल्या पाण्यात ०.९ मिलिमीटर.